घोडं बारीक, पण अंगात वारं? खुराक असा द्या

माळेगावच्या यात्रेतून आणलेलं घोडं तेरला आलं आणि बरगड्या दिसल्या, की लगेच हरभरा-मक्याचा मारा सुरू होतो. अंग भरण्याआधी घोडं उधळायलाच लागतं! दाण्यातल्या पिष्टाने तापट घोडं आणखी बिथरतं.

आधी दात तपासून घ्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध द्या.

मग चारा वाढवा. 300 किलोच्या घोड्याला रोज 6 ते 7 किलो कोरडा चारा लागतो. चांगलं वाळलेलं गवत आणि थोडा लसूणघास द्या. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको, ती विषारी ठरू शकते.

ताकदीसाठी तेल उत्तम. भिजवलेल्या कोंड्यात 50 मिलीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत 200 मिलीपर्यंत न्या.

घोड्याचं पोट लहान, त्याला उलटीही होत नाही. म्हणून खुराक दिवसातून तीन-चारदा विभागून द्या. मीठ, स्वच्छ पाणी आणि रोजची फेरी चुकवू नका.

अंग भरायला दोन-तीन महिने लागतात. घाई करू नका, जनावर जपा!

#तेर #अश्वप्रेमी