थोड्या मात्रेचा मोठा उपयोग
तंबाखू-सुपारीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे पुष्कळदा उशिरा, पसरल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचतो. तेव्हा एकट्या औषधाने सहसा भागत नाही. गाठ रोगप्रतिकारक पेशींना जो ब्रेक लावते, तो निव्होलुमॅब हे औषध सोडवते. पण त्याची २४० मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा, तीही दर दोन आठवड्यांनी, बहुतेक कुटुंबांना परवडत नाही.

परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी म्हणून कमी मात्रेची चाचणी घेतली. बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब ही तोंडावाटे घ्यायची औषधे दिली. सौम्य मात्रेत सतत घेतल्यावर ती गाठीच्या नव्या रक्तवाहिन्यांना आळा घालतात. साधारण निम्म्या रुग्णांना जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब दिले, अवघे २० मिलिग्रॅम. निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होते, जोडउपचारावर ४३.४ टक्के. आजार यामुळे बरा होत नाही. मध्यक आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेले. तरीही मला ही चाचणी फार मोलाची वाटते: रुग्णाचा खिसा तिने संशोधनाचाच प्रश्न मानला.

थायरॉइडच्या अ‍ॅनाप्लास्टिक या अतिआक्रमक कर्करोगात जोडी वेगळी असते. गाठीत बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल आढळला, तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब एकत्र देतात. वाढीचा एकच संदेश ती दोन टप्प्यांवर अडवतात. त्यामुळे निदान होताच ही जनुकीय तपासणी मागावी. या आजारात आठवडेही महत्त्वाचे असतात.