मागच्या ब्रेकमधली हवा

२० मार्च १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाला वंदन करण्यासाठी पुण्याकडची आपली कितीतरी कुटुंबे ताम्हिणी घाट उतरून महाडला जातात. अनेकदा वस्तीतलीच एखादी जुनी जीप ठरते. पुढे पंचशील ध्वज, आत म्हातारीकोतारी, लेकरेबाळे. कुणी लिंबू-मिरचीही बांधतो! बंधूंनो, लिंबू-मिरचीने गाडी थांबत नाही. ती थांबते ब्रेक ऑइलने.

यामागचे कारण समजून घेऊ. पॅडल दाबले की नळीतले ऑइल चाकांकडे दाब नेते. ऑइल दाबाने आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत हवा शिरली की पॅडल स्पंजासारखे लागते. शिवाय हे ऑइल वर्षानुवर्षे ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. लांब उतारावर ब्रेक तापतात, नळीत वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांची लाइन एकच असते. तिथे मागची हवा सगळेच ब्रेक बिघडवते.

हवा काढायला दोन माणसे लागतात. एक भाऊ गाडीखाली, वहिनी किंवा शिकती मुलगी पॅडलवर, असे चालते. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. आधी लायनर जुळवून घ्यावेत. ते ढिले असले तरी पॅडल खोल जाते.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यावे. आपल्याकडे बहुधा मागचे डावे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. वरच्याने पॅडल तीन-चार वेळा सावकाश मारून दाबून धरावे आणि ‘धरलंय’ म्हणावे. मग खालच्याने निपल किंचित सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत, निपल घट्ट करावे आणि ‘सोड’ म्हणावे. त्याआधी पॅडल सोडले तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. मग उजवे चाक. मधूनमधून वरची टाकी भरत राहावे. ती रिकामी झाली की सगळी मेहनत वाया.

काढलेले ऑइल पुन्हा वापरू नये. इंजिन ऑइल तर कधीच घालू नये, रबरी वायसर फुगतात. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. दर दोन वर्षांनी ते बदलावे. एवढे करूनही पॅडल मऊ राहिले, तर कुठेतरी गळती आहे किंवा सिलिंडर गेला आहे. अशी गाडी मिस्त्रीला दाखविल्याशिवाय हलवू नये.

काम झाल्यावर आधी मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक तपासावा. घाटात खालचा गिअर ठेवावा. पुढच्या वेळी गाडी ठरवताना भाड्याची घासाघीस जरूर करा, पण आधी पॅडल दाबून पाहा.

जय भीम!