विकास योजनेतील गृहनिर्माण नियोजन (महाराष्ट्र)

विकास योजनेतील गृहनिर्माण नियोजन म्हणजे शहराच्या भावी लोकसंख्येला लागणाऱ्या घरांचा अंदाज बांधून त्यांसाठी जमीन, बांधकामाची मर्यादा व अनुषंगिक नागरी सुविधा यांची शहराच्या कायदेशीर आराखड्यात केलेली तरतूद होय. महाराष्ट्रात ही तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या विकास योजनेत केली जाते. व्यवहारात तिला ‘विकास आराखडा’ किंवा ‘डीपी’ म्हणतात. विकास योजना स्वतः घरे बांधत नाही. घरे कोठे, किती दाटीने व कोणत्या सोयींसह उभी राहू शकतील, हे ती ठरवते.

पार्श्वभूमी

मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ अन्वये शहरातील ठरावीक भागांपुरत्या नगररचना योजना करता येत असत. संपूर्ण शहराची विकास योजना करण्याची तरतूद १९५४ च्या अधिनियमाने झाली. त्याची जागा घेणारा १९६६ चा अधिनियम ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला.

गरजेचा अंदाज

घरांची गरज केवळ लोकसंख्येवरून काढता येत नाही. कुटुंबांची संख्या पाहावी लागते. उदाहरणार्थ, एक लाख वस्तीच्या गावात दर कुटुंबात सरासरी पाच माणसे असल्यास २०,००० घरे लागतात. हीच सरासरी चारवर आली, तर एकही माणूस न वाढता २५,००० घरे लागतात. यात मोडकळीस आलेल्या इमारतींतील व झोपडपट्ट्यांतील कुटुंबांचा अनुशेष मिळवावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती व तीपैकी सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ पर्यंत घटली, तर उपनगर जिल्ह्याची ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ पर्यंत वाढली. त्यामुळे एकाच महानगरात कोठे नव्या वस्तीची, तर कोठे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची तरतूद करावी लागते.

नियोजनाची साधने

प्रथम विद्यमान भूवापर नकाशा तयार करून जमिनीची निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक, शेती इत्यादी विभागांत वाटणी केली जाते. दाटी ठरवण्याचे मुख्य साधन चटई क्षेत्र निर्देशांक हे आहे. निर्देशांक १.३३ असेल, तर १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १,३३० चौरस मीटर चटई क्षेत्र बांधता येते. निर्देशांक वाढवल्याने घरे वाढतात. परंतु पाणी, मलनिस्सारण, रस्ते व शाळा त्या प्रमाणात आपोआप वाढत नाहीत. म्हणून निवासी विभागाबरोबरच शाळा, दवाखाने, उद्याने व रस्ते यांसाठी जमिनी आरक्षित कराव्या लागतात.

आरक्षित जमीन मोबदला देऊन, भूसंपादन करून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देऊन ताब्यात घेता येते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात न घेतल्यास मालक कलम १२७ खाली खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतरही विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. अशा वेळी नकाशावरील उद्यान वा शाळा प्रत्यक्षात येत नाही, घरे मात्र आलेली असतात.

हरकती व सूचना

प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना विहित मुदतीत लेखी हरकती व सूचना देता येतात. नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते व अंतिम मंजुरी राज्य शासन देते. आपल्या घरावरून रस्ता जातो काय किंवा शेजारचे मैदान निवासी विभागात गेले काय, हे नागरिकाने तपासण्याची हीच मुख्य वेळ असते. मंजुरीनंतरच्या बदलासाठी फेरबदलाची स्वतंत्र कार्यवाही करावी लागते.

मुंबई विकास योजना २०३४

मुंबईची पहिली विकास योजना १९६७ मध्ये मंजूर झाली. तिसऱ्या योजनेचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काही ठिकाणी ८ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक सुचवला होता. त्यातील चुकांवर व प्रस्तावांवर तीव्र टीका झाल्याने मुख्यमंत्र्यांनी एप्रिल २०१५ मध्ये फेरतयारीचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, मे २०१८ मध्ये शासनाने मंजुरी दिली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून योजना लागू झाली. तीमधून दहा लाख परवडणारी घरे निर्माण होतील, असे शासनाने जाहीर केले. त्यासाठी पूर्वीच्या ना-विकास विभागातील काही जमीन विशेष विकास विभागात घेण्यात आली. घरांसाठी जमीन मिळवण्याचा हा मार्ग असला, तरी मोकळ्या व पाणथळ जागा कमी झाल्यास पूर व प्रदूषण वाढेल, असा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे.

मर्यादा

योजनेतील घरांचा आकडा ही बांधकामाची हमी नसते. निवासी ठरवलेली जमीन मालकाने विकसित केलीच पाहिजे, असे बंधन नसते. बांधलेले घर गरजूला परवडेलच असेही नाही. शिवाय योजनेची फेरआखणी जास्तीत जास्त वीस वर्षांनी अपेक्षित असते, तर कुटुंबे, रोजगार व किमती त्याहून लवकर बदलतात. त्यामुळे योजनेचे मूल्यमापन करताना मंजूर चटई क्षेत्राबरोबर प्रत्यक्ष बांधलेली घरे, त्यांची किंमत व ताब्यात आलेली आरक्षणे यांचाही विचार करावा लागतो.