वीजबिलातले टप्पे

‘एकशे एक युनिटं झाली की सगळ्या विजेला महागडा दर लागतो,’ असं अनेक घरांत मानलं जातं. महाराष्ट्रातल्या घरगुती वीजदरांत तसं होत नाही. वीज नियामक आयोग (दर ठरवणारी वैधानिक संस्था) महावितरणचे दर टप्प्यांनी ठरवतो: महिन्याला 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. चढा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. पार्किंगमध्ये तिसऱ्या तासाला जास्त पैसे असले, तरी आधीच्या दोन तासांचे वाढत नाहीत, तसंच हे. गैरसमज समजण्यासारखा आहे. केरळात 250 युनिटांपुढे खरोखरच सगळ्या युनिटांना एकच दर लागतो.

बिल फुगतं त्याला इतरही कारणं असतात. वहन आकार (तारांमधून वीज पोचवण्याचा खर्च) प्रत्येक युनिटावर असतो आणि वर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे राज्याचा कर.

वाचवलेलं युनिट मात्र नेहमी वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. राज्यातली बरीच वीज आजही चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते, म्हणून तिथला धूरही तेवढा कमी होतो. पुढचं बिल आलं की मागची बाजू जरूर वाचा.