खोक्यातल्या हवेलाही भाडं लागतं

उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यात गच्चीवरच्या कुरडया वाळल्या, डबे भरले आणि पुण्या-मुंबईच्या मुलाबाळांकडे खोके रवाना झाले की पाठोपाठ एक तक्रार ऐकू येते. "तीन किलोच्या कुरडया अन् पैसे घेतले अकरा किलोचे! काटा मी स्वतः पाहिला." दरवर्षी माणसं वेगळी, तक्रार तीच. त्यावर कोणीतरी जाणता सल्लाही देतो, की पुढच्या वेळी दुसऱ्या कुरिअरकडे जा, तो काट्याप्रमाणेच घेतो. दुसऱ्याकडे गेल्यावरही बिल तेवढंच येतं आणि मग "सगळे एकाच माळेचे मणी" असा निकाल लागतो.

काटा बरोबर होता. बिलही बरोबर होतं. चुकीची आहे ती समजूत, की पार्सलचे पैसे फक्त वजनाचे असतात.

पार्सल वाहून नेणाऱ्याकडे विकायला दोनच गोष्टी असतात, गाडीची ताकद आणि गाडीतली जागा. लोखंडी नटबोल्ट भरले तर जागा शिल्लक असतानाच गाडीची ताकद संपते. कुरडया भरल्या तर गाडी गच्च दिसते, पण वजन असतं नावापुरतं. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला ५००० ने भागतात. उत्तर येतं ते आकारमानाचं वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांपैकी जे जास्त, त्याचे पैसे. भागाकाराचा आकडा सेवेप्रमाणे थोडा बदलतो, पण देशांतर्गत कुरिअरमध्ये ५००० सर्रास चालतो. ही काही कालपरवा काढलेली युक्तीही नव्हे. विमानाच्या मालवाहतुकीत ६००० घन सेंटिमीटरला एक किलो हा हिशेब जगभर वर्षानुवर्षं चालत आला आहे. पोस्टही याला अपवाद नाही. त्यांच्या संकेतस्थळावर पार्सलचा दर काढायला गेलं की वजनासोबत लांबी-रुंदी-उंचीही विचारतात, ती काही हौस म्हणून नव्हे.

आता त्या कुरडयांचा हिशेब करू. किराणा दुकानातून मागून आणलेला खोका समजा ४५ बाय ३५ बाय ३५ सेंटिमीटरचा आहे. गुणाकार ५५,१२५. पाच हजाराने भागले की साधारण ११ किलो. आत कुरडया तीन किलो, उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे आणि हवा. बोळ्यांचे आणि हवेचे पैसे भरले ते आपणच. खोका फुकट मिळाला, एवढंच काय ते समाधान.

तेच जर ४० बाय ३० बाय २५ चा खोका घेतला, तर आकारमानाचं वजन सहा किलो होतं. त्यात तळाशी घरची तीन किलो तूरडाळ आणि वर अडीच किलो कुरडया बसवल्या, तर काट्यावर भरतात साडेपाच किलो, वर डब्या-पिशव्यांचे दोनचारशे ग्रॅम. म्हणजे पैसे सहा किलोचेच. अकरा किलोच्या बिलात तीन किलो जात होतं, आता सहा किलोच्या बिलात साडेपाच किलो जातं. डाळ जवळजवळ फुकट गेली म्हणा ना. कुरडया दाबून भरता येत नाहीत, चुरा होतो, हे खरंच. पण पापड सपाट बसतात, मुगवड्या कोपऱ्यात मावतात, आणि शेवया नाहीतरी मोडूनच शिजवायच्या असतात. पोकळ जिन्नस आणि जड जिन्नस एकाच खोक्यात घालायचे, एवढंच सूत्र आहे. सगळ्या कुरडया एका खोक्यात आणि सगळी डाळ दुसऱ्यात, अशी नीटनेटकी मांडणी करणाऱ्या सुगृहिणीला सर्वांत जास्त भुर्दंड बसतो!

"मग दोन छोटी पार्सलं करू का?" हाही प्रश्न येतोच. नको. दराचा पहिला टप्पा नेहमी महाग असतो आणि पुढचे टप्पे स्वस्त. दोन पार्सलं केली की महागडा टप्पा दोनदा भरावा लागतो. पार्सलचा दर साधारणपणे पाचशे ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे दोन किलो वीस ग्रॅमला अडीच किलोचे पैसे पडतात. लाडू स्टीलच्या डब्यात घालून पाठवणाऱ्यांनी तो डबा एकदा रिकामा तोलून पाहावा.

दुसरा गैरसमज अंतराचा. "गुवाहाटीला पाठवायचंय? बाप रे, किती पडतील!" फार जास्त नाही पडत. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेले स्पीड पोस्टचे कागदपत्रांचे दर बघा. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट त्याच गावात १९ रुपये, आणि गावाबाहेर देशात कुठेही ४७ रुपये. वाशीमहून अकोल्याला ४७ आणि गुवाहाटीलाही ४७. २५१ ते ५०० ग्रॅमच्या टप्प्यात दोनशे किलोमीटरपर्यंत ७० रुपये, तर दोन हजार किलोमीटरच्या पुढे ९३. या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. अंतर दहापट झालं तरी दरात फरक तेवीस रुपयांचा. पार्सलचे दर वेगळे असतात आणि त्यात अंतराचा भार अधिक जाणवतो, पण वजन आणि आकार आपल्या हातात असतात, नातेवाईक कुठे राहतात ते नसतं.

"रजिस्टर बंद झालं, आता पोस्टात काही राम नाही" असंही ऐकू येतं. यात निम्मं खरं आहे. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पूर्वी वीस ग्रॅमचं रजिस्टर पत्र कर धरून २६ रुपयांच्या आत जायचं, आज स्पीड पोस्टाला करासह ५५ रुपये लागतात. नोटीस, अर्ज, उत्तरं पाठवणाऱ्यांना हा भार नक्कीच जाणवतो आणि त्यांनी कुरकुर केली तर ती रास्त आहे. पण ज्याच्या नावाने पाकीट आहे त्याच्याच हाती देण्याची सोय गेलेली नाही. स्पीड पोस्टावर पाच रुपये अधिक जीएसटी भरून नोंदणीची सेवा मिळते, तेवढ्याच पैशात ओटीपी दाखवूनच पाकीट देण्याचीही. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टाच्या दरात दहा टक्के सूट आहे, मोठ्या संख्येने पाठवणाऱ्या नव्या ग्राहकांना पाच टक्के. मसाले-पापड विकणाऱ्या बचत गटांनी यातली दुसरी सवलत आपल्याला कशी लागू होते, ते पोस्टमास्तरांना जाऊन विचारायला हवं.

आणि कुरिअर? शहर ते शहर, किरकोळ वजन, अशा कामात ते पुष्कळदा स्वस्त पडतं, यात वाद नाही. पण मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या आतल्या गावी पाठवायचं असेल, तर पावतीवरचा आकडा हा पूर्ण खर्च नसतो. बऱ्याच कुरिअरची धाव तालुक्याच्या गावापर्यंत. तिथून फोन येतो, "पार्सल आलंय, घेऊन जा." शाखा डाकघराचा ग्रामीण डाक सेवक घरी येतो. पंच्याहत्तरीच्या आजोबांना एसटी फुकट आहे, पण पेरणीच्या दिवसांत तालुक्याला जाण्यात मोडलेला दिवस फुकट नसतो. पुण्याहून पाठवणाऱ्याचे वीस रुपये वाचले, ते कोणाच्या खिशातून, हेही बघा की!

किरकोळ समजुती एकेका ओळीत. वस्तूची किंमत कमी लिहिली म्हणून टपालखर्च कमी होत नाही, उलट पार्सल हरवलं तर भरपाई मागताना तोंडघशी पडाल. शिक्का नीट न उमटलेलं तिकीट काढून परत चिकटवणं ही काटकसर नसून गुन्हा आहे. कमी तिकिटं लावलेलं पत्र नॉटपेड होतं आणि जेवढे पैसे कमी, त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होतात.

पिनकोडाबद्दल मात्र ओळीभर पुरणार नाही. "गाव, तालुका लिहिलाय ना, बस झालं," म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा नकाशा उघडावा. आपलं मालेगाव ४४४५०३, नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव ४२३२०३. आपलं कारंजा लाड ४४४१०५, वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे ४४२२०३. नुसतं "मालेगाव, महाराष्ट्र" लिहिलेलं पार्सल कोणत्या मालेगावला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. परत आलेलं पार्सल पुन्हा पाठवायचं तर भाडंही पुन्हा भरावं लागतं, ते वेगळंच. देशभरच्या सारख्या नावांच्या गावांचा हा घोळ मिटवण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. निदान त्यांचा मान राखून तरी सहा आकडे पूर्ण लिहावेत.

शेवटी पुस्तकं, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करून झालेली मुलं जुनी पुस्तकं मंगरूळपीरच्या धाकट्या भावाला पाठवतात, तीही सरसकट स्पीड पोस्टाने. जुनी रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, एवढी बातमी सगळ्यांपर्यंत पोचली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं, ही पोचली नाही. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तर पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकं जमिनीच्या मार्गाने जातात म्हणून वेळ जरा जास्त लागतो, पण पार्सल कुठवर आलं ते बघता येतं. अटी साध्या आहेत. पुस्तक छापील हवं, त्यावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं. नियतकालिकं आणि जाहिरातींनी भरलेली प्रकाशनं चालत नाहीत. हाताने लिहिलेल्या नोट्सची वही मध्ये सरकवू नका, ती वेगळी पाठवा. आणि गठ्ठा काउंटरवर ठेवताना "ज्ञान पोस्टाने पाठवायचंय" असं आधीच सांगा. नुसतं "पाठवून द्या" म्हटलं, तर समोरचा कर्मचारी स्पीड पोस्टचीच पावती फाडेल, आणि त्यात चूक त्याची नसेल.