पाहिले म्हणजे शिकले का?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी एक विद्यार्थी माझ्याकडे आला. रसायनशास्त्र राहिले होते. ‘सर, अ‍ॅपवरचे सगळे धडे पूर्ण केलेत हो,’ म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर खरोखरच शंभर टक्के दिसत होते. वडील एस.टी.त वाहक. वर्ष वाया जाणे त्या घराला परवडणारे नव्हते.

मी एक साधा प्रश्न विचारला. उत्तर येईना. मग त्याच धड्याचा व्हिडिओ लावला, तर लगेच म्हणाला, ‘हे तर येतं मला!’ गफलत इथेच होती. एखादी गोष्ट ओळखीची वाटणे वेगळे आणि ती आपली आपल्याला आठवणे वेगळे. परीक्षेत आठवावे लागते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विसरण्याचे मोजमाप केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. आपण सुरुवातीला भराभर विसरतो, पुढे तो वेग मंदावतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहून काढणाऱ्यांनी बाजी मारली.

याच तत्त्वावर ‘अंकी’ हे अ‍ॅप चालते. ते २००६ पासून आहे आणि अँड्रॉइड फोनवर विनामूल्य मिळते. जपानी भाषेत अंकी म्हणजे पाठांतर. कार्डावर प्रश्न दिसतो, उत्तर आपण मनात द्यायचे आणि मग ताडून पाहायचे. चुकले तर ते कार्ड लवकर परत येते. जमले तर मधले दिवस वाढत जातात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कागदी कार्डे आणि खोके घेऊन हेच सुचवले होते.

त्या मुलाला मी अ‍ॅप सोडायला सांगितले नाही. कार्डे मात्र स्वतःच्या शब्दांत करायला लावली. समजून न घेता पाठ केलेले कार्ड उपयोगाचे नाही, हेही बजावले. पुढच्या परीक्षेत विषय सुटला. निकाल सांगायला या वेळी वडीलही सोबत आले होते.

तेव्हा मित्रांनो, व्हिडिओ संपला की मोबाइल पालथा ठेवा आणि वहीच्या मागच्या पानावर आठवेल ते लिहा. जे लिहिता येईल, तेवढेच आपले झाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)