मटका टांगण्यापूर्वी : बजींविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पक्षीबाजारात बजींची जोडी घेतली की दुकानदार पिंजऱ्याबरोबर बहुधा भोक पाडलेला मातीचा मटकाही हातात ठेवतो. ‘हा टांगा, पिल्लं होतील’ एवढा सल्ला त्यासोबत मिळतो, आणि बहुतेक घरांत तेवढ्यावरच पक्षिपालन सुरू होते. पुढे मादी लागोपाठ अंडी घालते, पिल्ले होतात, काही मरतात. एक दिवस मादीही पिंजऱ्याच्या तळाशी मेलेली सापडते. ‘हे पक्षी नाजूकच असतात’ असे म्हणून घरचे स्वतःची समजूत घालतात. बजी नाजूक नाहीत. त्यांच्याविषयीची आपली माहिती तोकडी आहे, आणि तिची किंमत ते मोजतात.

बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या रखरखीत गवताळ प्रदेशातले. तिथे ते मोठ्या थव्यांनी पाणी आणि गवताचे बी शोधत भटकतात. पाऊस झाला आणि गवताला बी धरले की निलगिरीच्या झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात. पाऊस नसेल तर घालत नाहीत. १८४० मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर घरोघरी पोहोचले. निळे, पिवळे, पांढरे रंग पाळीव पिढ्यांत जोपासले गेले, पण शरीराचा नियम तोच राहिला. आपल्या पिंजऱ्यात वाटी कायम भरलेली, दिवा रात्रीपर्यंत चालू आणि समोर मटक्याची ढोली. मादीच्या शरीराच्या लेखी हा पाऊस कधी थांबतच नाही. तो थांबवणे हे पाळणाऱ्याचे काम आहे.

गैरसमज : हे लव्हबर्ड आहेत.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे बहुतेक पक्षी बजीच असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ते आखूड शेपटीचे, जाड चोचीचे आणि स्वभावाने आक्रमक असतात. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले तर लव्हबर्ड बजीचे पाय आणि बोटे चावून गंभीर जखमी करू शकतो. त्यांचे पिंजरे वेगळेच हवेत.

गैरसमज : नर-मादी एकत्र असतील तर मटका हवाच, पिल्ले झाली म्हणजे पक्षी सुखी.

वस्तुस्थिती : बजी रात्री दांडीवर झोपतात, त्यांना झोपायला घरटे लागत नाही. मटका किंवा लाकडी पेटी दिसणे हाच अंडी घालण्याचा सर्वांत मोठा इशारा असतो. तो काढला, उजेड दहा तासांच्या आसपास आणला आणि खाणे मोजून दिले, तर बहुतेक जोड्या एकमेकांची पिसे साफ करत, चोचीत चोच घालत वर्षानुवर्षे मजेत राहतात. पिंजऱ्यात अंधारे खोपे किंवा खोल वाटीही ठेवू नये. एखादी मादी तिथेच अंडी घालते. पिल्ले होणे हा सुखाचा पुरावा नाही. उपाशी-कुपोषित मादीही अंडी घालते, आणि त्यासाठी लागणारे कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते.

गैरसमज : चार महिन्यांत मादी वयात येते, मग जोडी लावायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : अंडे तयार होऊ शकते म्हणजे शरीर तयार झाले असे नाही. मादी किमान १० ते १२ महिन्यांची, अंगाने भरलेली आणि निरोगी असावी. वर्षाला दोन विणींपेक्षा जास्त नकोत आणि मध्ये काही महिने विश्रांती हवी. एका विणीत साधारण ४ ते ६ अंडी असतात आणि ती एक दिवसाआड घातली जातात. प्रत्येक अंडे सुमारे १८ दिवसांनी फुटते, म्हणून एकाच मटक्यात थोरले पिल्लू पिसे फुटण्याच्या बेतात असते तेव्हा धाकटे नुसता गुलाबी मांसाचा गोळा असते. महिन्याभराने, ३० ते ३५ दिवसांत, पिल्ले बाहेर येतात आणि पुढे आठ-दहा दिवस मुख्यतः बाप त्यांना भरवतो. इतकी मेहनत आटोपते न आटोपते तोच मादीने पुन्हा अंड्यावर बसावे, असे होऊ द्यायचे नाही.

कोवळ्या, अशक्त, लठ्ठ किंवा कॅल्शियम कमी असलेल्या मादीत अंडे अडकते. तिची खूण ओळखायला शिका. मादी दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी, कोपऱ्यात बसते. पिसे फुगलेली, पाय फाकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खाली-वर होते आणि मधूनच ती जोर लावते. अशा वेळी पोट दाबू नये. अंडे आत फुटले तर ती वाचणे कठीण. एरंडेल पाजणे किंवा तेल लावणेही नको. तिला छोट्या खोक्यात, सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या दमट उबेत ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे. सकाळपर्यंत थांबून पाहण्यासारखा हा आजार नव्हे.

गैरसमज : नको असलेली अंडी लगेच काढून टाकली की मादी थांबते.

वस्तुस्थिती : बहुधा उलट होते. अंडी नाहीशी झाली की शरीर ती भरून काढायला नवी घालते. अंडी उकडून, गार करून परत ठेवावीत किंवा त्या मापाची प्लॅस्टिकची अंडी ठेवावीत. मादीला उबवू द्यावे. तीनेक आठवड्यांत तिचा उत्साह मावळला की अंडी आणि मटका दोन्ही काढायचे. उबवलेल्या अंड्यात जीव आहे की नाही हे सातव्या दिवसाच्या सुमारास मोबाइलच्या टॉर्चने कळते. अंधारात उजेड मागून धरला की जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. वांझ अंडे पिवळसर, स्वच्छ दिसते.

गैरसमज : माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लांना टाकून देतात.

वस्तुस्थिती : बजी माणसाच्या वासामुळे पिल्ले टाकत नाहीत. खरा धोका गडबडीचा असतो. दर तासाला मटका उघडणे, मुलांचा घोळका, डोक्यावरून फिरणारी मांजर या गोष्टी मादीला घाबरवतात. मादी खायला बाहेर आली की स्वच्छ हातांनी दिवसातून एकदा डोकावणे योग्यच आहे. तेवढ्यात मेलेले पिल्लू काढता येते, रिकामी गळपिशवी पाहून उपाशी कोण ते कळते, आणि ओली घाण जमली असेल तर भुसा बदलता येतो. चोचीच्या टोकाला आणि बोटांना चिकटलेली विष्ठा कोमट पाण्याने मऊ करून पुसावी, नाहीतर वाढ वाकडी होते. सपाट, गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात. म्हणून मटक्याच्या तळाशी खोलगट बैठक आणि स्वच्छ लाकडी भुसा हवा.

गैरसमज : नाक निळे तो नर, बाकी सगळ्या माद्या.

वस्तुस्थिती : चोचीच्या वरच्या, नाकपुड्या असलेल्या मांसल पट्टीवरून लिंग ओळखतात हे खरे, पण ते मोठ्या पक्ष्याला लागू. प्रौढ नरात ती निळी असते. मादीत पांढरट, फिकट निळसर किंवा तपकिरी असते आणि अंड्यावर येताना तपकिरी व खरखरीत होते. पिल्लांत ती गुलाबी-जांभळी असते, आणि पूर्ण पांढऱ्या किंवा पूर्ण पिवळ्या लाल डोळ्यांच्या नरात आयुष्यभर तशीच राहते. एखाद्या नराची निळी पट्टी तपकिरी होऊ लागली तर ते वृषणातल्या गाठीचे लक्षण असू शकते, डॉक्टरला दाखवावे.

आणखी एक तपासणी घेतानाच करावी. दुकानातली ‘जोडी’ एकाच मटक्यातली भावंडे नाहीत ना, हे विचारून घ्यावे. नात्यात वीण घेत राहिले की पिल्ले कमजोर होत जातात. घरात एकाच जोडीची पिल्ले एकत्र वाढवली तरी पुढच्या वर्षी हीच वेळ येते.

गैरसमज : राळे आणि बाजरी दिली की झाले.

वस्तुस्थिती : नुसत्या बियांत चरबी आणि पिष्ट भरपूर, पण ‘अ’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन अपुरे. अशा खाण्यावर यकृत चरबीने भरते, गळ्याची ग्रंथी वाढते, अंडी अडकतात. बियांबरोबर रोज धुतलेली कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मक्याचे ओले दाणे, मोड आलेले मूग-मटकी द्यावी. पहिले काही दिवस बजी हात लावत नाहीत. पानांची जुडी ओली करून जाळीला बांधली की त्यात लोळता लोळता चव लागते. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम असावा. पिल्लांच्या दिवसांत उकडलेले अंडे कुस्करून द्यावे, पण दोन तासांत उरलेले काढून टाकावे. बजी दाणे सोलूनच खातात, म्हणून त्यांना वाळू-खडी लागत नाही. वाटी वरून भरलेली दिसते तेव्हा फुंकर मारून पाहा. पुष्कळदा वर नुसती टरफले असतात आणि खाली उपाशी पक्षी. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारवलेले फरसाण अजिबात नको.

गैरसमज : एकटा ठेवला, आरसा लावला की बोलतो.

वस्तुस्थिती : बोलण्याची देणगी नरांत अधिक असते. पक नावाच्या कॅलिफोर्नियातल्या नराची १,७२८ शब्दांची नोंद गिनीज बुकाच्या १९९५ च्या आवृत्तीत आहे. पण बजी बोलायला शिकतो तो रोज वेळ देणाऱ्या माणसाकडून. आरशातले प्रतिबिंब उत्तर देत नाही. नर त्याला भरवण्यासाठी पुन्हा पुन्हा दाणे ओकत बसतो आणि चिडचिडा होतो. बजी थव्यात राहणारा पक्षी आहे. वेळ नसेल तर दुसरा बजी आणा. पिल्ले नकोत तर दोन नर गुण्यागोविंदाने राहतात.

पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा आणि चौकोनी घ्यावा, कारण बजी आडवे उडतात. सळ्यांतले अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या असल्या की तळपायाला जखमा होतात. पेरूच्या कमी-अधिक जाडीच्या, औषध न मारलेल्या फांद्या सर्वांत चांगल्या.

गैरसमज : फुगून बसलाय, म्हणजे थंडी वाजतेय, पाण्यात पिवळी पावडर टाका.

वस्तुस्थिती : थव्यातला आजारी पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून बजी दुखणे शेवटपर्यंत लपवतात. दिवसा फुगून झोपणे, शेपटी हलवत श्वास घेणे, विष्ठेचा रंग बदलणे ही लक्षणे दिसली तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. दुकानातून मिळणारी पावडर बहुधा अँटिबायोटिक असते. पाण्यातून किती पोटात गेले ते कळत नाही, आणि आजार बुरशीचा किंवा किड्यांचा असेल तर उपयोग शून्य. चोचीभोवती पांढरे खरखरीत कवच दिसले तर ते सूक्ष्म किडीमुळे असते आणि डॉक्टरच्या औषधाने बरे होते. दर आठवड्याला किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. साधा बजी ३० ते ४० ग्रॅमचा असतो. दहा टक्के घट ही डॉक्टरकडे जाण्याची वेळ. विष्ठेच्या धुळीतून माणसालाही श्वसनाचा आजार होऊ शकतो, म्हणून ट्रे ओला करून पुसावा आणि हात साबणाने धुवावेत.

गैरसमज : घरात असला म्हणजे सुरक्षित.

वस्तुस्थिती : पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि प्रत्येक श्वासातून तो आपल्यापेक्षा जास्त वायू शोषतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्याची वाफ बजीला काही मिनिटांत मारते; आपल्याला वासही येत नाही. डासांची कॉइल, अगरबत्ती, फोडणीचा धूर हेही घातक. पिंजरा स्वयंपाकघरात नकोच. पक्षी मोकळा सोडताना छताचा पंखा बंद, खिडक्या लावलेल्या आणि पाण्याची बादली झाकलेली हवी.

गैरसमज : कंटाळा आला तर उडवून द्यावा, पुण्य लागते.

वस्तुस्थिती : पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला आपल्या शहरात अन्न शोधता येत नाही; कावळे आणि घारी त्याला लगेच गाठतात. आपल्या रानातला पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणे गुन्हा आहे. बजी परदेशी जातीचा आणि पाळीव पिढ्यांतला असल्याने त्याला ती बंदी लागू होत नाही. म्हणून त्याची सगळी जबाबदारी पाळणाऱ्यावरच येते. नीट सांभाळलेला बजी ५ ते १० वर्षे जगतो.

वीण घ्यायचीच असेल तर मटका टांगण्याआधी चार गोष्टींची खात्री करा : मादी वर्षाची झाली आहे, ती महिनाभर हिरवा पाला आणि समुद्रफेस खाते आहे, पक्ष्यांचा डॉक्टर कुठे आहे हे ठाऊक आहे, आणि होणाऱ्या पाच-सहा पिल्लांना घेणारी घरे आधीच ठरली आहेत. चारांतली एक जरी कच्ची असली तरी मटका माळ्यावर टाका. जोडीचे त्यावाचून काहीही अडत नाही.